बोट न टोचता शुगर सांगणारं घड्याळ आईसाठी घ्यावं का?

तुमच्या प्रश्नातली माहिती आधी एकत्र मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. आई ६८ वर्षांच्या, सांगलीत एकट्या राहतात. सकाळ-संध्याकाळ मिक्स्ड इन्सुलिन (लवकर आणि लांब पल्ल्याचं काम करणारं एकत्र), जोडीला मेटफॉर्मिनची गोळी. बोटं टोचायचा कंटाळा आल्यामुळे शुगर तपासणं आठवड्यातून एकदावर आलंय. मागच्या महिन्यात एकदा पहाटे घामाघूम होऊन उठल्या, साखर खाल्ल्यावर बरं वाटलं. तुम्ही पुण्यात. तीन हजारांच्या आतलं एक स्मार्टवॉच तुम्हाला दिसलंय, जाहिरातीत लिहिलंय, ‘सुई नाही, रक्त नाही, २४ तास शुगर’. ते घ्यावं का, आणि फसवं असेल तर खरं यायला किती वर्षं थांबायचं, असं तुम्ही विचारलंय.

शुगरसाठी ते घड्याळ घेऊ नका. पावलं मोजायला हवं असेल तर खुशाल घ्या, पण त्यावरचा शुगरचा आकडा आईंच्या नजरेला पडणार नाही अशी सोय करा. मी फिजिशियन आहे, माझ्या ओपीडीतले निम्म्याहून जास्त रुग्ण मधुमेहाचे असतात, त्यामुळे एवढं मी ठामपणे सांगू शकतो. घड्याळाऐवजी काय करायचं, हे मात्र आईंच्या किडनीपासून तुमच्या खिशापर्यंत बऱ्याच गोष्टींवर ठरेल. त्याकडे पुढे येतो.

तुम्ही विचारलंय बोटाबद्दल, मला जास्त काळजी वाटली त्या पहाटेच्या घामाची. इन्सुलिनवर असलेली, एकटी राहणारी बाई पहाटे घामाघूम होऊन उठते आणि साखर खाऊन सावरते, याचा अर्थ दुसरं काही सिद्ध होईपर्यंत शुगर लो झाली होती असाच धरायचा. त्या वेळी मनगटावरच्या घड्याळानं ‘११०’ दाखवलं असतं तर त्या कदाचित पाणी पिऊन परत झोपल्या असत्या.

हे मी कल्पनेनं लिहीत नाही. एका रुग्ण बाईंच्या मुलानं हौसेनं असंच घड्याळ आणलं होतं. ओपीडीत त्यांचे हात थरथरत होते, बोलणं थोडं अडखळत होतं. ग्लुकोमीटरवर ५८ आले. घड्याळावर ६.१. ही स्वस्तातली घड्याळं बऱ्याचदा मिलिमोलमध्ये आकडा दाखवतात, त्याला १८ नं गुणलं की आपला नेहमीचा आकडा येतो, म्हणजे साधारण ११०. बाईंना ग्लुकोज पाजलं, त्या सावरल्या. मग मी ते घड्याळ टेबलावरच्या कापसाच्या गुंडाळीला बांधलं. हिरवा दिवा लुकलुकला, अर्ध्या मिनिटात आकडा आला, ५.९. कापसाची शुगर उत्तम कंट्रोलमध्ये होती. मुलगा काही बोलला नाही, घड्याळ सोडवून खिशात टाकलं.

घड्याळाच्या पाठीवरचा तो हिरवा दिवा नाडीचे ठोके मोजतो, आणि ते काम बऱ्यापैकी करतो. शुगर तो बघतच नाही. ॲप तुम्हाला वय, वजन, मधुमेह आहे का, जेवण कधी झालं हे विचारून घेतं, कधी एखादं ग्लुकोमीटरचं रीडिंगही भरायला लावतं, आणि त्यावरून शोभेलसा आकडा तयार करतं. जेवणाच्या वेळेनंतर थोडा वर, रात्री थोडा खाली. त्यामुळे चार-सहा दिवस ताडून बघणाऱ्यालाही ‘जवळपास बरोबर येतंय की’ असं वाटतं.

इथे ‘९० टक्के अचूक’ या दाव्यातली मेख समजून घ्या. ज्याची शुगर बहुतेक वेळ ११० ते १५० मध्ये असते, त्याला मी न बघता दिवसभर ‘१३०’ असं सांगत बसलो, तरी माझी चूक पंधरा-वीस टक्क्यांच्या आत राहील. यंत्र नसताना मी अचूक ठरलो! मी चुकेन तो फक्त ज्या दिवशी शुगर ५२ असेल किंवा ३४० असेल त्या दिवशी, आणि शुगर मोजायची ती मुळात त्याच दिवसासाठी. म्हणून या क्षेत्रात सरासरी चुकीवर कुणी समाधान मानत नाही. १९८७ पासून क्लार्क एरर ग्रिड नावाचा आलेख वापरतात. त्यात खरा आकडा आणि यंत्राचा आकडा समोरासमोर मांडून, या फरकामुळे उपचार चुकेल का हे बघतात. आलेखाचे ‘ए’ ते ‘ई’ असे भाग असतात. ‘ए’ म्हणजे बिनधोक. ‘ई’ म्हणजे यंत्रानं लोला हाय म्हटलं किंवा हायला लो, उपचार थेट उलटा. आमच्या ओपीडीतलं ५८ विरुद्ध ११० हे ‘डी’त बसतं: लो आहे, आणि यंत्र ‘सगळं ठीक’ म्हणतंय.

अमेरिकेची औषधं आणि उपकरणं तपासणारी सरकारी संस्था एफडीए, तिनं २१ फेब्रुवारी २०२४ रोजी याबद्दल जाहीर इशारा दिला. त्वचेला न टोचता स्वतः शुगर मोजणाऱ्या एकाही स्मार्टवॉचला किंवा अंगठीला आम्ही मंजुरी दिलेली नाही, कंपनी कोणतीही असो, ती वापरू नका, असा त्याचा गाभा. त्याच इशाऱ्यात एक फरकही सांगितला होता, तो ध्यानात ठेवा. दंडावर लावलेल्या सेन्सरचा आकडा फोनमार्फत घड्याळावर दिसू शकतो, आणि ते ठीक आहे. तिथे मोजतो सेन्सर, घड्याळ फक्त दाखवतं. दुकानदार याच दोन गोष्टींची सरमिसळ करतात.

आता एक प्रश्न मला कोविडनंतर सारखा विचारला जातो. ऑक्सिमीटर बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन सांगतो, मग शुगर का नाही? प्रश्न चांगला आहे. ऑक्सिमीटर हिमोग्लोबिन बघतो. हिमोग्लोबिनला रंग असतो, ऑक्सिजन असताना वेगळा, नसताना वेगळा, आणि लाल व इन्फ्रारेड असे दोन प्रकाश पाडले की तो फरक पकडता येतो. शिवाय ते भरपूर असतं, १०० मिली रक्तात साधारण १२ ते १५ ग्रॅम. त्याच १०० मिली रक्तात साखर असते १०० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे हिमोग्लोबिनच्या शंभराव्या भागाहूनही कमी. माणसाच्या अंगातल्या पाचेक लिटर रक्तात मिळून साखर जेमतेम पाच ग्रॅम, एक चमचा. तिला रंगही नाही. आणि आपल्याला हवा असतो ६० आणि ८० मधला फरक, म्हणजे १०० मिलीत २० मिलिग्रॅम.

इन्फ्रारेड प्रकाश ग्लुकोज शोषतं हे खरं. पण त्याच पट्ट्यात पाणी, चरबी आणि प्रथिनंही प्रकाश शोषतात, आणि कातडीत पाणीच सगळ्यात जास्त. हात गार पडला, घाम आला, पट्टा घट्ट बसला, तरी पाण्याच्या खुणेत जो बदल होतो तो ग्लुकोजच्या बदलापेक्षा मोठा असतो. मिरवणुकीत ढोल-ताशाचं पथक कानाशी वाजत असताना पलीकडच्या फुटपाथवरची कुजबुज ऐकायची, असा हा प्रकार आहे.

म्हणून प्रयत्न झाले नाहीत असं नाही. खरंखुरं, एफडीएनं मंजूर केलेलं शुगरचं घड्याळ २००१ मध्येच आलं होतं. कॅलिफोर्नियातल्या सिग्नस कंपनीचं ग्लुकोवॉच. ते अगदी हलका विद्युतप्रवाह सोडून कातडीतून द्रव वर ओढायचं आणि त्यातलं ग्लुकोज मोजायचं. सुई नव्हती, पण रोज सुरू करताना दोन-तीन तास वाट बघायची, मग बोट टोचून आलेल्या आकड्याशी ते जुळवून घ्यायचं, आणि अर्ध्या दिवसानं खालची चकती बदलायची. मनगटावर लाली यायची, खाज सुटायची, काहींना फोड यायचे. मला सगळ्यात बोलकी वाटते ती पुढची गोष्ट: घाम आला की आकडा बिघडतो म्हणून ते घड्याळ घामाच्या वेळचं रीडिंग गाळून टाकायचं. आणि शुगर लो झाल्याची पहिली खूणच घाम. काही वर्षांतच ते बाजारातून गेलं.

स्वित्झर्लंडच्या पेंड्रा या मनगटी यंत्राला २००३ मध्ये युरोपात विकण्यासाठी लागणारी सीई खूण मिळाली होती. नंतर नेदरलँड्समध्ये रुग्णांवर तपासलं तेव्हा खऱ्या आकड्यापासून सरासरी फरक ५२ टक्के निघाला. यातून एक शिकण्यासारखं: खोक्यावर सीई छापलंय, एवढ्यानं अचूकता सिद्ध होत नाही. गूगलनं २०१४ मध्ये अश्रूंमधली साखर मोजणारी कॉन्टॅक्ट लेन्स जाहीर केली. नोव्हार्टिससारखी मोठी कंपनी सोबत होती. २०१८ मध्ये काम थांबवलं, कारण अश्रूंमधली साखर आणि रक्तातली साखर यांचा भरवशाचा मेळ बसेना. पैसा, माणसं, इच्छा सगळं असून ज्यांना हे जमलं नाही, त्यांच्या नाकावर टिच्चून कुणी तीन हजारांत ते विकत असेल, तर संशय आपोआप यायला हवा.

चांगली बाजूही आहे. रामन वर्णपटावर, म्हणजे लेझरचा प्रकाश रेणूवर आदळून परतताना जी खूण घेऊन येतो तिच्यावर, अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात बरीच वर्षं काम चाललंय. २०२० मध्ये त्यांनी सॅमसंगच्या संशोधकांसोबत जिवंत डुकरांच्या कातडीतून ग्लुकोजची स्वतःची खूण थेट दिसल्याचं प्रसिद्ध केलं. हा टप्पा मोठा होता, कारण आधीच्या कित्येक प्रयोगांत पकडलेली खूण ग्लुकोजचीच आहे का, यावरच वाद असायचा. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत (आयआयएससी) ध्रुवित प्रकाश आणि त्यातून कातडीत उठणारे सूक्ष्म ध्वनितरंग यांची सांगड घालून ग्लुकोज मोजण्याचा प्रयोग २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. निरोगी माणसावरही छोटी चाचणी झाली. ही सगळी कामं प्रामाणिक आहेत. पण टेबलावरचा लेझर आणि मनगटावरची चकती यांत अंतर आहे, आणि स्वस्थ बसलेल्या निरोगी माणसाचा आकडा बरोबर येणं वेगळं, पहाटे तीनला घामेजलेल्या मधुमेही बाईचा येणं वेगळं. त्यामुळे ‘किती वर्षं थांबू’ या प्रश्नाला माझं उत्तर असं: थांबू नका. आईंचे उपचार आज हातात आहे त्यावर आखा.

उद्या तसं यंत्र खरंच आलं तर जाहिरात बाजूला ठेवून चारच गोष्टी बघा. चाचणी मधुमेही लोकांवर झाली का? ७० च्या खालची रीडिंग्ज त्यात पुरेशी होती का? तुलना प्रयोगशाळेतल्या रक्तचाचणीशी होती का? आणि नियामकानं मंजुरी दिली ती इन्सुलिनचा डोस ठरवायला की नुसत्या ‘वेलनेस’साठी? भारतात ग्लुकोमीटर वैद्यकीय उपकरण नियम २०१७ खाली येतो, खोक्यावर उत्पादन किंवा आयात परवान्याचा क्रमांक असतो. ‘हे वैद्यकीय उपकरण नाही’ असं बारीक अक्षरात छापलेलं यंत्र स्वतःच आपली लायकी सांगत असतं.

आता हातातल्या गोष्टी. सध्या सगळ्यात कमी टोचणारा विश्वासू मार्ग म्हणजे दंडावर लावायचा, सतत शुगर मोजणारा सेन्सर, म्हणजे सीजीएम. ‘बिनसुईचा’ म्हणून विकतात तेव्हा मला हसू येतं, कारण लावताना सुई आत जाते आणि लगेच बाहेर येते, मागे राहतो केसासारखा बारीक तंतू, साधारण पाच मिलिमीटर आत. बहुतेकांना मुंगी चावल्याइतकंही दुखत नाही. असा सेन्सर प्रकारानुसार १० ते १५ दिवस चालतो, दर काही मिनिटांनी आकडा देतो, आणि रात्रभराची रेषा दाखवतो. तुमच्या प्रश्नात हीच रेषा हवी आहे. काही सेन्सर शुगर उतरली की फोनवर गजर देतात आणि आकडा दूरच्या नातेवाइकाच्या फोनवरही दाखवतात, म्हणजे तुम्हाला पुण्यात बसून दिसेल. सगळ्यांत ही सोय नसते, म्हणून घेण्याआधी विचारा.

त्यालाही मर्यादा आहेत. तो रक्तातली नाही, पेशींच्या भोवतालच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे शुगर झपाट्यानं चढत-उतरत असेल तर पाच-दहा मिनिटं मागे असतो. पहिल्या दिवशी आकडे थोडे भरकटतात. सेन्सरच्या दंडावर झोपलं तर दाबामुळे खोटा लो दिसतो, आणि दूर बसलेल्या मुलाची झोप उडते. काही सेन्सरांत क जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्यांमुळे आकडा खोटाच वर जातो. नियम सोपा: लक्षणं आणि आकडा जुळत नसतील तर बोट टोचायचं. म्हणजे ग्लुकोमीटर घरात राहणारच.

खर्चाचं म्हणाल तर एका सेन्सरला साधारण चार-पाच हजार मोजावे लागतात. कायम लावणं झेपत असेल तर इन्सुलिनवरच्या, लोचा इतिहास असलेल्या, एकट्या राहणाऱ्या माणसाला मी तेच सुचवेन. झेपत नसेल तर आत्ता एक लावा, डोस बसवून घ्या, आणि पुढे दर तीन-चार महिन्यांनी किंवा औषध बदललं की एकेक. नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्या, शुगर स्थिर असलेल्या माणसाला मी सेन्सरचा आग्रह धरत नाही. त्याला तो बऱ्याचदा उगाच घोर लावतो, पोहे खाल्ले की रेषा वर गेली म्हणून दिवसभर बेचैन.

बोट दुखण्याबद्दल. आईंना विचारा, लॅन्सेट, म्हणजे टोचायची सुई, किती दिवसांनी बदलतात? एकच सुई महिनोन्‌महिने वापरणारे मला रोज भेटतात. ती बोथट होते आणि मग खरंच दुखते. दर वेळी नवी घ्यायची. टोचायचं बोटाच्या टोकाच्या कडेला, मधल्या गादीवर नाही, तिथे संवेदना जास्त. करंगळी, अनामिका आणि मधलं बोट आलटून पालटून, अंगठा आणि तर्जनी सोडून द्यायची. पेनवर खोलीचा आकडा असतो, तो सगळ्यात कमीवरून सुरू करून थेंब येईल तिथे थांबवायचा. आधी साबणानं कोमट पाण्यात हात धुवून नीट पुसायचे. स्पिरिटची गरज नाही. आंबा किंवा चिकू चिरून तसंच बोट टोचलं तर शुगर २५० दिसते आणि घरात रडारड होते. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावायचं, पावसाळ्यात दमट हवेनं पट्ट्या खराब होतात. आणि एक, ग्लुकोमीटरलाही सूट असते. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या २०१३ च्या निकषानुसार १०० च्या वरच्या रीडिंगला १५ टक्के, खालच्याला १५ मिलिग्रॅम इतका फरक चालतो, तोही ९५ टक्के वेळा. त्यामुळे दोन बोटांवर १२६ आणि १३८ आले तर यंत्र बिघडलेलं नाही.

टोचणं कमी करायचं असेल तर जोडीनं तपासा. एका दिवशी नाश्त्याआधी आणि दोन तासांनी, दोन दिवसांनी तसंच दुपारच्या जेवणाला, मग रात्रीच्या. आठवड्यातून एकदा कधीतरी काढलेल्या सुट्या उपाशीपोटी रीडिंगपेक्षा या सहा आकड्यांतून डॉक्टरला कितीतरी जास्त कळतं.

आणि पहाटेचा घाम. संध्याकाळच्या मिक्स्ड इन्सुलिनमधला लांब पल्ल्याचा भाग मध्यरात्रीनंतर जोरात असतो. त्या रात्री जेवण कमी झालं होतं का, उपवास होता का, इन्सुलिन घेऊन जेवायला उशीर झाला का, हे आईंना विचारा. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्तचाचणी, मागे कधी केली ते बघा. किडनीचं काम मंदावलं की इन्सुलिन अंगात रेंगाळतं आणि जुनाच डोस जास्त पडू लागतो. रक्तदाबाच्या गोळ्यांत बीटा-ब्लॉकर असेल तर लोमध्ये थरथर आणि धडधड जाणवत नाही, घाम तेवढा येतो, हेही डॉक्टरांना सांगा. या वयात, एकट्या राहणाऱ्या बाईंची एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची चाचणी) ७ च्या आत आणण्याचा हट्ट मी धरत नाही. ८ च्या आसपास, पण लो नाही, हे मला जास्त पटतं. डोस तुम्ही किंवा आईंनी परस्पर बदलू नका आणि बंदही करू नका, या आठवड्यातच डॉक्टरांना फोन करा.

तोवर आईंच्या उशाशी ग्लुकोज पावडर, पाण्याचा तांब्या आणि ग्लुकोमीटर. घाम किंवा थरथर जाणवली तर तपासायचं, ७० च्या खाली असेल तर तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून, १५ मिनिटांनी परत तपासायचं, सावरल्यावर दोन बिस्किटं किंवा थोडं दूध-पोळी. तपासायला जमत नसेल तर आधी ग्लुकोज घ्यायचं. शेजारच्या एका माणसाकडे घराची किल्ली ठेवा आणि त्यांना सांगून ठेवा: त्या नीट बोलत नसतील किंवा गिळत नसतील तर तोंडात काही न घालता सरळ दवाखान्यात.

डॉक्टरांनी सेन्सर लावायला होकार दिला, तर आई कोणत्या कुशीवर झोपतात ते आधी विचारून घ्या आणि दुसऱ्या दंडावर लावायला सांगा.